त्यांचा डावा कान

सोलापुरात खोली शोधत फिरताना घरमालकांचे प्रश्न मला पाठ झाले होते. एकट्याच राहणार का, मटण-मासे करता का, रात्री किती वाजता येता, पाहुणे येतात का. पूर्व भागातल्या त्या दुमजली घराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने मात्र विचारलं, "तुमच्याकडे कुकर कसला आहे?"

"तीन लिटरचा," मी म्हणाले.

"तसं नाही. शिट्टी कशी वाजते त्याची? एकदम वर जाते, की थरथरत थरथरत?"

मला ते सांगता येईना. शेवटी मी तिथेच, भर रस्त्यावर, तोंडाने कुकरची शिट्टी वाजवून दाखवली. त्यांनी डोळे मिटले, मान किंचित डावीकडे वळवून उजवा कान माझ्याकडे केला आणि गाण्याच्या परीक्षेला बसल्यासारखं ऐकलं. "चालेल," ते म्हणाले. "आधी एक मुलगी आली होती. तिचा कुकर फार वरच्या सुरात होता. नाही म्हणावं लागलं." आणि किल्ली माझ्या हातात दिली.

त्यांची पन्नाशी उलटलेली होती. पांढरे-काळे केस खांद्यापर्यंत, ते एका गुलाबी रबरबँडात बांधलेले. काळा टी-शर्ट, त्यावर दात विचकणारी कवटी, आणि हातात कोथिंबिरीची जुडी. "मी इथला घरजावई," ते म्हणाले. "मालक आत आहेत."

मालक म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांना सगळे अव्वा म्हणत. घरात तेलुगू चाले, आल्यागेल्याशी मराठी. अव्वांनी उभं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेलं, त्यामुळे त्यांना फार कमी ऐकू येई. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकवायची. आम्ही सगळे तिला मॅडमच म्हणायचो. आणि मॅडमची मुलगी लावण्या, तेव्हा तेरा वर्षांची. तिचे वडील ती आठ वर्षांची असताना वारले होते. मला किल्ली देणारे हे घरजावई या घरात तीन वर्षांपूर्वी, एकोणपन्नासाव्या वर्षी लग्न करून आले होते. त्याआधी पंचवीस-सव्वीस वर्षं ते रॉक बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत होते.

हे सगळं मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी जेऊरजवळच्या एका गावातली, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही, असं माझी आई म्हणते. शिवाय माझं कामही तसलंच होतं. मी कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणी करायची. कुणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे शोधायचं.

त्यांची कथा मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली. ते मूळचे सोलापूरचेच. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून पुण्याला गेले, तिथून बेंगळुरूला. बँडचं नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. "वीस वर्षांच्या पोरांनी ठेवलेलं नाव आहे. आता ऐकलं तर तुम्ही भाडं द्यायला सुद्धा समोर येणार नाही." एकदा भर पावसात लोक चिखलात उभे राहून त्यांचं ऐकत होते, एवढं मात्र त्यांनी सांगितलं. मग ड्रम वाजवणारा मुलीकडे परदेशात गेला, गाणारा फ्लॅट विकायला लागला, आणि हे दोन गिटारी घेऊन एकटे उरले. त्याच सुमाराला आई आजारी पडली म्हणून सोलापूरला आले. हॉस्पिटलमध्ये आईच्या शेजारच्या खाटेवर अव्वा होत्या, आणि अव्वांच्या पायथ्याशी बसून मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. यांनी मदत म्हणून मार्कांच्या बेरजा करून दिल्या. सगळ्या चुकल्या.

"तरी लग्न केलंत?" मी मॅडमना विचारलं होतं.

"चुकल्या हे लगेच कबूल केलं की त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "माझ्या वर्गात असा एक पण नाही."

संसार हे त्यांच्यासाठी नवं शहर होतं, आणि ते त्यात नकाशा घेतल्यासारखे फिरत. सकाळचे सात त्यांना माहीत होते, पण जागरणाच्या बाजूने. झोपून उठून सात वाजलेले बघायची सवय त्यांना नव्हती. दुधाची पिशवी कापायची कशी, ती चुरगाळून टाकायची की धुवून ठेवायची, गॅसचा नंबर लावताना कुठलं बटण दाबायचं, हे सगळं त्यांनी वहीत लिहून काढलं होतं. रोजच्या कामांची यादी ते कार्यक्रमात गाण्यांची करतात तशी करत आणि फ्रिजला चिकटवत. डबा, दळण, लावण्याची सायकल, अव्वांच्या गोळ्या. क्रम ठरवायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची. "शेवटचं गाणं लोकांना येत असलेलंच ठेवायचं," ते मला समजावत. "म्हणून शेवटी कपड्यांच्या घड्या. त्या मला येतात."

शेंगाची चटणी कुटताना मात्र त्यांचा आणि अव्वांचा रोज वाद व्हायचा. त्यांच्या हाताला ठेका धरायची खोड. ठेका धरला की शेंगदाणे एका जागी पीठ व्हायचे आणि दुसरीकडे आख्खे राहायचे.

"अल्लुडा!" अव्वा ओरडायच्या. जावईबापूंना मारलेली ती हाक चौकापर्यंत जायची. "चटणी कर की! लग्नातला बाजा वाजवतोय काय?"

ते पण तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्यायचे. दोघंही कमी ऐकणारे, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. गल्लीला वाटे, रोज भांडण होतं या घरात.

पालकसभेला ते काळा टी-शर्ट उलटा घालून जायचे. कवटी आत, शिवण बाहेर. लावण्याने कधीतरी आईला म्हटलं होतं की मैत्रिणी हसतात. दुसरा शर्ट का घालत नाही, असं मी विचारल्यावर ते म्हणाले, "मग मी मीच वाटणार नाही ना. उलटा असला तरी मीच आहे."

आणि रोज दुपारी तीनच्या सुमाराला ते दाराच्या पायरीवर बसून गिटार वाजवायचे. मला सुट्टी असली की मी खिडकीतून बघायची. बोटं तारांवरून पळत असायची, मान हलत असायची, आणि आवाज काहीच नाही. इलेक्ट्रिक गिटार विजेला जोडली नाही तर तारांची नुसती कुजबुज होते, हे मला नंतर कळलं. उजव्या हाताला, भिंतीपलीकडे, यंत्रमागाचा कारखाना. त्या खडखडाटात ती कुजबुज त्यांना स्वतःला तरी ऐकू येत असेल का, हा प्रश्न मला पडायचा.

त्याच वेळी लावण्या शाळेतून यायची. दप्तर आत टाकून त्यांच्या डाव्या हाताला, कारखान्यापासून लांबच्या बाजूला बसायची आणि बोलायला लागायची. घरात ती त्यांच्याशी कामापुरतं बोले. काका, डबा. काका, सही. पण पायरीवर समोर रस्त्याकडे बघत, खालच्या आवाजात, अर्धा अर्धा तास बोलायची. ते मधूनमधून "हं" म्हणायचे. काय बोलत असेल ही? खिडकीपर्यंत शब्द पोचत नव्हते. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

मग एकदा अव्वांना कानाचं मशीन बसवायला ते माझ्या दवाखान्यात घेऊन आले. (ते मशीन अव्वांनी आठ दिवस वापरलं. "सगळ्यांचं बोलणं ऐकावं लागतंय," म्हणून मग डब्यात ठेवून दिलं.) अव्वांचं झाल्यावर मी म्हटलं, तुमची पण तपासणी करते, बसा. ते कां कूं करत बसले. कानाला हेडफोन लावला. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. उजव्या कानात त्यांना मोठे आवाज येत होते, बारीक नव्हते; वर "तुमचं मशीन सुरात नाही, जरा खाली आहे," हेही त्यांनी सांगितलं. मग डावा कान. मी आवाज वाढवत गेले. बटण दाबेनात. पार शेवटापर्यंत नेलं, तरी नाही. वायर सैल असेल म्हणून मी दुसरी घ्यायला उठले.

"वायर चांगली आहे," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. ड्रम नेहमी माझ्या डावीकडे असायचे."

मी परत खाली बसले. आणि मग मला ती पायरी आठवली.

"काका, लावण्या तुमच्या डावीकडे बसते."

"हं."

"ती बोलते ते तुम्हाला..."

"एक अक्षर नाही."

सुरुवातीला त्यांनी उजवा कान तिच्याकडे करायला मान वळवली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं की ती बोलायची थांबायची. ते पुन्हा समोर बघायला लागले की बोलायची. दोन-तीनदा तसं झाल्यावर त्यांनी मान वळवणं सोडलं. "कुठे थांबते ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं," ते म्हणाले. "दुसऱ्याचं वाजवून कधी संपतंय आणि आपण कधी घुसायचं, हेच तर केलं आयुष्यभर. तिथे 'हं' म्हणतो."

मी त्यांना सांगितलं की यावर इलाज आहे. डाव्या कानामागे एक छोटं यंत्र बसतं, तिकडचं बोलणं ते उजव्या कानात पोचवतं. ते मला थांबवत म्हणाले, "लावलं तर ती विचारेल ना, आधी काय करत होता म्हणून. दीड वर्ष झालं, ताई."

बेरजा चुकल्या हे ज्यांनी लगेच कबूल केलं होतं, त्या माणसाला हे कबूल करता येत नव्हतं. रुग्णाची गोष्ट बाहेर बोलायची नसते, म्हणून मीही गप्प राहिले. पण खिडकीत उभं राहायला मला नको वाटायला लागलं.

त्यानंतर महिनाभराने, एका शनिवारी, लावण्या क्लासला म्हणून गेली आणि क्लासला पोचलीच नाही. दुपारी एक वाजता सरांचा फोन आला. मॅडम नुकत्याच शाळेतून येत होत्या. मैत्रिणींची घरं झाली, वाचनालय झालं. मॅडम मोबाइलवरचा फोटो दाखवत रिक्षावाल्यांना विचारत फिरत होत्या. काका स्कूटरवरून स्टेशन, एसटी स्टँड आणि तळ्याचा काठ पालथा घालून आले. मी अव्वांपाशी बसले. त्या सारख्या "एमैंदि? काय झालं?" विचारत होत्या आणि कुणाला ओरडून सांगवत नव्हतं.

चार वाजता मॅडम घरी आल्या, तोच त्यांच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी फोनचा स्पीकर सुरू केला.

"मी करमाळ्यासनं बोलतीय. लावण्याची आत्या. पोरगी हितं हाय. घरी सांगून आलीया म्हनती, पर मला काय चैन पडंना. म्हनलं एकदा इचारावं."

लावण्याचे वडील करमाळ्याचे. टॉवेल-चादरींचे गठ्ठे नेणारा टेम्पो चालवायचे. मॅडमनी दुसरं लग्न केल्यापासून त्या घराशी बोलणं बंद होतं. तेवढ्यात फोनवर लावण्या आली.

"मी काकांना गुरुवारीच सांगितलं होतं! आईला तुम्ही सांगा म्हटलं होतं. विचार त्यांना. ते हो म्हणाले."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी आता तोंड उघडेन की काय, अशी भीती त्यांच्या डोळ्यांत होती. मग ते म्हणाले, "हो. सांगितलं होतं. माझ्या लक्षातून गेलं."

"लक्षातून गेलं?" मॅडमचा आवाज फाटला. "तीन तास मी रस्त्यावर पोरीचा फोटो दाखवत फिरतेय, आणि तुमच्या लक्षातून गेलं?" त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी ते लावण्याला आणायला निघाले. मॅडम त्या घरी जायला तयार नव्हत्या. येताना पोरीला एका बाईमाणसाची सोबत बरी, म्हणून मी बरोबर गेले. एसटीत टेंभुर्णी येईपर्यंत मी कसंबसं गप्प बसले. मग मुद्दाम त्यांच्या उजवीकडे जाऊन विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"फोनवर सांगितलं असतं तर सगळ्यांसमोर ती खोटी पडली असती. आणि ते आधी तिलाच सांगायला पाहिजे. तिच्यानंतर बाकीच्यांना."

आत्याचं घर बाजार समितीच्या मागे होतं. आत्या दारातच उभी होती. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का ते बाजावाले? केस तर पोरीपरीस लांब हायती की. या, बसा. भाकरी खावा आदी."

पण ते बसले नाहीत. अंगणात पत्र्याच्या शेडखाली एक जुना टेम्पो उभा होता. त्याच्या मागच्या फळीवर लाल-पिवळ्या अक्षरांत 'लावण्या' असं रंगवलेलं. लावण्या त्या फळीवर हात ठेवून उभी होती. सोमवारी तो टेम्पो भंगारात जाणार होता. आतेभावाने तिला तसं कळवलं होतं, आणि एकदा बघायचा म्हणून ती आली होती. हेच सगळं तिने गुरुवारी पायरीवर बसून सांगितलं होतं.

"आईला सांगितलं का नाही?" तिने त्यांना विचारलं.

ते तिच्या समोर जाऊन उभे राहिले. तोंडासमोर तोंड. मी शेडच्या खांबापाशी थांबले.

"लावण्या, माझा डावा कान पूर्ण गेलेला आहे. तू पायरीवर जे बोलतेस ते मला ऐकू येत नाही."

"गुरुवारचं?"

"गुरुवारचं नाही. कधीचंच नाही."

तिने फळीवरचा हात काढला. "सायकलवरून पडले होते ते?"

"नाही."

"शाळेतल्या निकमबाईंचं?"

"नाही."

"बाबा हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा मी आत गेले नव्हते ते?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आईला पण नाही सांगितलं. आणि तुम्ही हं म्हणालात." ती एक पाऊल मागे सरकली. "ऐकू येत नव्हतं तर हं कशाला म्हणायचं?"

"नाहीतर तू बोलायची थांबशील म्हणून."

ती घरात निघून गेली. आत्या भाकरीचं ताट हातात घेऊन उभीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. "कानाचं दुखनं हाय व्हय?" ती हळू आवाजात म्हणाली. "मग सांगायचं की. त्यात लाज कसली?" मग ते ऐकू आलं नसेल असं वाटून तीच वाक्यं तिने एवढ्या मोठ्याने म्हटली, की शेजारच्या बाया बाहेर आल्या.

परतताना तिघांच्या बाकावर लावण्या खिडकीशी, मधे मी आणि कडेला ते बसले. घरी आल्यावर त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं, अव्वांनाही कळावं म्हणून मोठ्याने. मॅडमनी ऐकून घेतलं. "हे लग्नाआधी सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"उद्या दवाखान्यात जायचं."

सोमवारी मीच त्यांना यंत्र बसवून दिलं. आजवर कान झाकले जातील असे केस बांधणारे ते, त्या दिवशी डोक्यावर घट्ट बुचडा बांधून आले होते. यंत्र दिसायला हवं होतं त्यांना. मी डावीकडून हळूच हाक मारली, तर दचकले. "इतकी वर्षं तिकडे कुणी राहतच नव्हतं," ते म्हणाले.

लावण्या त्यानंतर दीड-दोन महिने पायरीवर आली नाही. घरात मान हलवून उत्तरं द्यायची. ते मात्र रोज तीन वाजता डावीकडची जागा मोकळी ठेवून बसायचे. अव्वा एकदा चुकून त्या जागेवर बसल्या, तर त्यांनी अव्वांना खुर्ची आणून दिली. मला वाटायला लागलं होतं, हे आता असंच राहणार.

मग परीक्षा संपली त्या दिवशी ती आली. दप्तर पायरीवरच टाकलं, बसली, आणि त्यांच्या कानामागे वाकून बघितलं.

"चालू आहे?"

"आहे."

"मी पहिल्यापासून सगळं नाही सांगणार. आठवेल तसं सांगीन."

"चालेल."

ती रस्त्याकडे बघायला लागली. तेही. कारखान्याची धडधड चालूच होती. तिने सुरुवात केली तसे त्यांचे गिटारीवरचे हात थांबले. मी खिडकीतून आत आले आणि भात लावला.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी सोलापूर सोडलं. लावण्या आता अकरावीला आहे. ते अधूनमधून फोन करतात. मागच्या महिन्यात असाच फोन आला. आवाजात नुसता उत्साह. लावण्याला बारावीनंतर नाटक शिकायला बाहेरगावी जायचंय म्हणे. यांनी तिला समोर बसवून तासभर सुनावलं. आधी शिक्षण पूर्ण कर, कॉलेज अर्धवट टाकलं की काय होतं, हाताशी पदवी पाहिजे, या लायनीत काही खरं नाही. कॉलेज अर्धवट टाकलेला माणूस हे सगळं मला फोनवर पुन्हा ऐकवत होता, आणि त्यात काही गमतीचं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मग ती काय म्हणाली?" मी विचारलं.

"भांडली! ताटावरून उठली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. म्हणाली, तुम्हाला ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं!"

ते हसायला लागले. हसू आवरेना. मग थोड्या वेळाने, मी नीट ऐकलं नसेल असं वाटून, त्यांनी मला ते वाक्य पुन्हा एकदा सांगितलं.